यंत्र जास्त दाखवत असल्याबाबत

मला बीपी नाही. म्हणजे आहे, थोडंसं आहे, पण ज्या दिवशी हा प्रकार सुरू झाला त्या दिवशी ते मला मान्य नव्हतं, आणि न मानणाऱ्या माणसाच्या दंडाला पट्टा गुंडाळून त्याला आजारी ठरवायचा अधिकार कुणालाही नाही, हे माझं मत आजही कायम आहे. इमारतीतले लोक सध्या मला बघून जिन्यात हसतात. हसू देत. त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे, आणि तीही कात्रणकाकांकडून.

मी एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. लोकांना हे खातं आहे हेच माहीत नसतं. दुकानातल्या तराजूच्या कडेला बारीकसा शिक्का असतो, तो कुणी मारला असं तुम्हाला वाटतं? मी पिशवीतून माझी प्रमाण वजनं काढून दुकानातल्या फळीवर ओळीनं मांडायला लागलो की भले भले दुकानदार मला बसायला खुर्ची पुसून द्यायचे. एक किलोचं पितळी वजन मी कधी उघड्या हातानं उचललं नाही. हाताचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. अशा माणसाला एक प्लास्टिकचं डबडं सांगणार की तुझा आकडा चुकलाय?

ते डबडं घरात आलं कात्रणकाकांमुळे. कात्रणकाका आमच्या समोरच्या दारात राहतात. वर्तमानपत्रात आरोग्यावर काहीही छापून आलं की कापून वहीत चिकटवायचं आणि मग ती वही घेऊन आमच्याकडे चहाला यायचं, हा त्यांचा उद्योग. "नवं संशोधन आलंय," असं म्हणूनच ते चप्पल काढतात. एका मंगळवारी त्यांनी मला सांगितलं की जास्त बसणं घातक आहे, म्हणून मी आठवडाभर उभ्यानं पेपर वाचला. पुढच्या मंगळवारी म्हणाले, आता म्हणे जास्त उभं राहणंही बरं नाही. "मग माणसानं करायचं काय, लोंबकळायचं?" मी विचारलं. त्यावर त्यांनी वही चाळून बघितली. खरंच चाळली हो!

तर त्यांनीच एक पत्रक आणलं. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एक संशोधन चालू होतं. साठीपुढच्या माणसांनी घरच्या घरी बीपी मोजलं, तर दवाखान्यातल्या मोजणीत जे सुटतं ते सापडतं का, असा काहीसा विषय. त्यासाठी बारा आठवडे, रोज दोन वेळा, ठरल्या वेळी मोजणी करणारी शिस्तीची माणसं हवी होती.

"तुम्ही का नाही जात?" मी विचारलं.

"गेलो होतो. घेतलं नाही. म्हणाले, तुम्ही फार वाचता."

शिस्त हा शब्द वाचला आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव नोंदवलं. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं मला यंत्र दिलं, पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं आणि नियम वाचून दाखवले. खुर्चीत पाठ टेकून बसायचं. पाय जमिनीवर. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत, बोलायचं नाही. आकडे यंत्र स्वतःच कार्यालयाला पाठवतं. मला नियम आवडले. मनात म्हटलं, चला, जगात अजून कुणीतरी नीट काम करतंय.

पहिल्याच सकाळी आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस, खाली ब्याण्णव.

मी सिगारेट ओढत नाही. जेवणानंतर शतपावली घालतो, मोजून शंभर. दुसऱ्या मजल्यावरचा तो पोट सुटलेला माणूस दिवसभर तळलेलं खातो, त्याला काही नाही, आणि मला एकशे अठ्ठेचाळीस! मी ताबडतोब घरात आणीबाणी जाहीर केली. सगळ्यांचं मीठ बंद. 'सगळ्यांचं' म्हणजे माझं आणि बायकोचं, घरात आम्ही दोघंच. टीव्हीवरच्या बातम्या बंद, कारण त्या बघताना मला ओरडायला होतं. दुपारी दोन ते चार घरात भांड्याचा आवाज नको. माझ्याशी कुणी वाद घालायचा नाही.

"वाद कोण घालतंय?" बायको म्हणाली.

"हा बघ, हाच वाद."

आठ दिवस आम्ही दोघांनी ते बिनमिठाचं गिळलं. आठव्या दिवशी आकडा आला एकशे शेहेचाळीस. आता तुम्हीच सांगा. मीठ बंद, बातम्या बंद, वाद बंद, आणि फरक दोनाचा? जे जे बदलता येण्यासारखं होतं ते सगळं मी बदलून बघितलं होतं. न बदललेलं घरात एकच राहिलं होतं, आणि ते टेबलावर हिरवा दिवा लावून बसलं होतं.

आता काटा खोटा आहे असा संशय आला, तर निरीक्षक काय करतो? त्यावर ज्याचं वजन पक्कं माहीत आहे अशी वस्तू ठेवतो. म्हणजे मला एक असा माणूस हवा होता, ज्याच्या तब्येतीबद्दल तसूभर शंका नाही. तो शोधायला मला घराबाहेर जावं लागलं नाही.

माझी बायको चौतीस वर्षांत आजारी पडलेली नाही. ताप नाही, अंथरूण नाही, दवाखाना नाही. पाच वाजता उठते ती रात्री दिवे मालवेपर्यंत पायाला भिंगरी. सुट्टीतही मी तिला बसलेली बघितलेली नाही. हल्ली वर्षभर सकाळी मान धरते, डोकं जड होतं म्हणायची, पण ते उशीमुळे. मी स्वतः दुकानात जाऊन तिला नवी उशी आणून दिली होती. आणि हल्ली किल्लीच्या बाबतीत जरा विसराळू झाली आहे. बाजारातून येताना दुसऱ्या टप्प्यावर थांबते आणि पर्समध्ये किल्ली शोधत बसते, दोन-दोन मिनिटं. मी वर दारात उभा राहून ओरडतो, "अगं, दार उघडंच आहे!" पण हे वय झाल्याचं लक्षण, आजाराचं नव्हे. एकूण प्रमाण वजन म्हणून ती निर्दोष होती.

"इकडे ये, हात दे," मी म्हटलं.

"कशाला?"

"यंत्र तपासायचंय. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बस."

"पाच मिनिटं? गॅसवर दूध आहे."

"गॅस बंद कर."

"आणि कपडे कोण वाळत घालणार?"

शेवटी ती बसली. पट्टा फुगला, यंत्र घरघरलं, आकडा आला: एकशे शहात्तर, खाली एकशे चार.

मला जो आनंद झाला तो काय सांगू! "बघ!" मी ओरडलोच. "बघितलंस? साफ खोटं यंत्र आहे!" आणखी दोनदा मोजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चौऱ्याहत्तर. मी तिन्ही आकडे वहीत लिहून सरासरी काढली. बायकोचं बीपी एकशे वीस धरलं, तर यंत्र तब्बल छप्पन्न जास्त दाखवत होतं. म्हणजे माझं खरं बीपी एकशे शेहेचाळीस वजा छप्पन्न, नव्वद. नव्वद जरा कमी वाटत होतं, पण अपमानापेक्षा अशक्तपणा परवडला.

"झालं का? उठू?" बायकोनं विचारलं. पट्टा काढून ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली.

अकरा वाजता फोन. नोंदणीवाली मुलगी. "काका, तुम्ही ठीक आहात ना? घाबरू नका, पण लगेच इकडे या. तुमचे तीन आकडे फार जास्त आलेत."

यंत्रानं चहाडी केली होती. मी गेलो, पण घाबरून नव्हे, यंत्र पिशवीत घालून.

"ते आकडे माझे नाहीत," मी टेबलावर यंत्र ठेवत म्हटलं. "ते प्रमाण वजनाचे आहेत."

"कुणाचे?"

मी सविस्तर समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग कपाळाला हात लावला. सहभागी नसलेल्या व्यक्तीवर यंत्र वापरणं हा नियमभंग होता. ते आकडे माझ्या नावावरून काढायला एक अर्ज. यंत्र बदलून हवं तर दुसरा अर्ज. पहिला अर्ज मंजूर झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि पहिल्यावर ज्यांची सही लागते ते साहेब फक्त गुरुवारी असतात. मी हयात सरकारी खात्यात काढलेली. हे अर्ज मलाच लोकांकडून भरून घ्यायची सवय. टेबलाच्या या बाजूला उभं राहिल्यावर ते इतके संतापजनक असतात हे मला तेव्हा कळलं.

जाता जाता ती हळूच म्हणाली, "काका, राग मानू नका. काकूंना एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना."

"बाई गं," मी म्हटलं, "मी यंत्राची तक्रार घेऊन आलोय, आणि तू माझ्या बायकोत खोट काढतेस?"

ती पुढच्या माणसाची फाईल उघडायला लागली. मला वाटलं, निरुत्तर झाली.

गुरुवारी दुसरं यंत्र मिळालं. दुसरं यंत्र, तोच कारखाना. बायकोचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. एव्हाना ती वैतागली होती. "मला काय तुम्ही वजन-काट्याला लावलंय? दुसरं कुणी मिळत नाही?" म्हणून मी कात्रणकाकांना बसवलं. त्यांचा आकडा आला एकशे बत्तीस. काकांची छाती फुगली. ते तो आकडा वहीत लिहून घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर सांगून आले. माझ्या तर्काला याची थोडी अडचण झाली हे मी मान्य करतो. यंत्र छप्पन्न जास्त दाखवत असेल तर काकांचं खरं बीपी शहात्तर निघत होतं, आणि शहात्तरवाला माणूस चार मजले चढून बढाया मारत फिरत नाही. पण मी त्यावर असा निष्कर्ष काढला की यंत्र माणूस बघून खोटं बोलतं. असे काटे मी पाहिलेले आहेत. मधल्या वजनाला बरोबर, जड वजनाला चुकतात.

मग तिसरा पुरावा हवा म्हणून मी बायकोला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेलं. तिथे दुकानदाराकडे त्याचं जुनं, पाऱ्याचं यंत्र आहे. त्यानं पट्टा बांधला, कानाला नळी लावली, पारा चढवला, उतरवला. पुन्हा चढवला. मग नळी काढून माझ्याकडे बघितलं.

"एकशे चौऱ्याहत्तर. काका, काकूंना आजच..."

"या यंत्राची पडताळणी शेवटची कधी झाली?" मी विचारलं.

"अहो, पण..."

"शिक्का कुठाय शिक्का? दाखवा."

शिक्का नव्हता. त्याचा चेहरा पडला, आणि सांगतो, निवृत्तीनंतर पाच वर्षांनी तसा पडलेला चेहरा बघून मला फार बरं वाटलं. बायको म्हणाली, "चला आता, उन्हात डोकं ठणकायला लागलंय." आम्ही घरी आलो. दुसऱ्या टप्प्यावर ती किल्ली शोधायला थांबली.

त्या दुपारी मी पत्र लिहायला बसलो. विषय: यंत्र जास्त दाखवत असल्याबाबत. असं पत्र मी नोकरीतसुद्धा लिहिलं नव्हतं. पाच पानं, सोबत तक्ता. तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, आकडा, फरक. तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात: 'प्रमाण: माझी पत्नी, वय साठ, पूर्णतः निरोगी.' शेवटी लिहिलं की असल्या यंत्रांवर जर तुमचं संशोधन उभं असेल, तर उद्या त्याचा निष्कर्ष वर्तमानपत्रात येईल, कात्रणकाका तो कापतील, आणि निरपराध माणसं मीठ सोडतील. प्रत माहितीसाठी वरिष्ठांना. संध्याकाळी मी स्वतः जाऊन ते देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फोन आला, आणि थेट संशोधनाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंचा.

"तुमचं पत्र वाचलं," त्या म्हणाल्या. "तक्ता फार चांगला केलाय. दहा वाजता या. पहिलं यंत्र मी काढून ठेवलंय, दुसरं घेऊन या, दोन्ही तुमच्यासमोर तपासू. आणि प्रमाण वजन बरोबर आणा."

अखेर जाणकार माणूस भेटला! मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको मात्र तयार होईना. "तुमचं भांडण तुम्ही निस्तरा. मला कशाला मिरवता?" मी सांगितलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. "तुमची तत्त्वं, आणि दंड माझा," ती म्हणाली, पण आली.

इस्पितळाची लिफ्ट बंद होती. आम्ही जिना चढायला लागलो. दुसऱ्या टप्प्यावर मी मागे वळून बघतो तो बायको कठड्याला टेकून पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

"काय शोधतेस?"

"किल्ली."

"अगं, इस्पितळात किल्ली कशाला?"

"आहे का बघते," ती म्हणाली. पर्सचा बंद तिनं उघडलाच नव्हता, हे मला दिसलं. दिसलं, पण दहाला दोन मिनिटं कमी होती.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याच बरोबरीच्या असतील. त्यांनी बायकोला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, "तुम्ही फक्त शांत बसा हं," म्हणाल्या, आणि मला टेबलाशी बोलावलं. एका नळीला दोन फाटे. एका फाट्याला त्यांचं प्रमाण दाबमापक, त्यावर पडताळणीचा शिक्का, तारीख याच वर्षीची. दुसऱ्याला माझं यंत्र. त्या दाब वाढवत गेल्या, मी दोन्हीकडचे आकडे वाचत गेलो. शंभरला शंभर. दीडशेला दीडशे. एकशे ऐंशीला एकशे ऐंशी. दुसरं यंत्र लावलं. तेच. मी आणखी दोनदा करायला लावलं, त्यांनी केलं. एकतीस वर्षांत इतका सच्चा काटा माझ्या हातात आला नव्हता. निरीक्षक म्हणून मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण मी शिक्क्यावरची तारीख पुन्हा वाचून बघितली.

मग त्यांनी बायकोच्या दोन्ही दंडांवर मोजलं. एकशे बहात्तर, एकशे दोन. एकशे सत्तर, एकशे दोन.

"एक विचारू?" त्या मला म्हणाल्या. "तुमच्या खात्यात ती प्रमाण वजनं असतात, ती कोण तपासतं?"

हे मला झोपेतून उठवून विचारा. "दर दोन वर्षांनी वरच्या प्रयोगशाळेत पाठवावी लागतात. कितीही चांगलं दिसत असलं तरी. रोजच्या वापरानं झीज होते, ती डोळ्याला दिसत नाही. म्हणून प्रमाण वजनाला कधीही गृहीत..."

तिथे मी थांबलो.

"काकूंना शेवटचं कधी तपासलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी बायकोकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघितलं. "धाकटीच्या वेळी," ती म्हणाली. आमची धाकटी आता एकोणतीस वर्षांची आहे.

"डोकं दुखतं?"

"सकाळी. मान धरते."

"जिना?"

"दुसऱ्या टप्प्यावर थांबावं लागतं. छाती भरून येते."

"किती दिवस?"

"झालं असेल वर्ष."

"आणि किल्ली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"किल्ली बाहेरच्या कप्प्यातच असते," बायको म्हणाली. "कायम."

मला भयंकर संताप आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी तो तिच्यावरच काढला. "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तुम्ही उशी आणलीत."

तिच्या छातीचा आलेख काढला, रक्त घेतलं, डोळे तपासले. हृदयावर ताण पडायला सुरुवात झाली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण वेळ गेलेली नाही. असंच आणखी वर्षभर चाललं असतं तर काय झालं असतं तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. लिहायला हात धजत नाही. तिला गोळ्या लिहून दिल्या, मलाही अर्धी, आणि मग म्हणाल्या, "खरं सांगायचं तर तुमची तक्रार आली म्हणून कळलं."

"म्हणजे यांच्या भांडकुदळपणाचा चौतीस वर्षांत एकदा तरी उपयोग झाला," बायको म्हणाली.

बाहेर नोंदणीवाल्या मुलीनं माझ्यापुढे आणखी एक अर्ज सरकवला. तक्रार मागे घेण्याचा. त्यात एक रकाना होता: 'दोष कोठे आढळला.' मी 'यंत्रात नाही' असं लिहिलं. जागा पुष्कळ उरली होती, पण तिनं आणखी काही विचारलं नाही. चांगली मुलगी आहे. मी तिला उगाच बोललो होतो.

जिना उतरताना मी बायकोची पर्स धरायला हात पुढे केला. तिनं दिली नाही.

"तुमचं एकशे अठ्ठेचाळीस आलं तर अख्ख्या घराचं मीठ बंद झालं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "माझं एकशे शहात्तर आलं, तर तुम्ही यंत्र बदललंत."

 उरलेला जिना मी कठड्याची बाजू तिला देऊन उतरलो.

त्या संध्याकाळी कात्रणकाका वही घेऊन आले. "नवं संशोधन आलंय," असं म्हणत चप्पल काढायला लागले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे जुनंच अजून वाचून व्हायचंय. त्यांना राग आला. जिन्यातली ती अर्धी गोष्ट त्यांनी त्यानंतर पसरवली.

आता रोज सकाळी सात वाजता मोजणी असते. आधी तिची, मग माझी. माझी गोळी अर्धी, तिची अख्खी. पहिल्या सकाळी ती खुर्चीत बसली, पाठ टेकून, पाय जमिनीवर. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत दाराची घंटा दोनदा वाजली. इस्त्रीवाला आणि मग कचरेवाली. फोन वाजला, धाकटीचा होता. नळाला पाणी आलं. वाळत टाकलेला एक टॉवेल वाऱ्यानं खालच्यांच्या गॅलरीत गेला आणि खालचे ओरडले. मी दार, फोन, नळ, टॉवेल असा धावत होतो. धापा टाकत परत आलो आणि विचारलं, "झाली ना पाच मिनिटं?" तिनं घड्याळाकडे बोट केलं. अजून दोन बाकी होती. मोजणीआधी बोलायचं नसतं, म्हणून ती बोलली नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिली होती. तिला अशी बसलेली मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा नीट बघत होतो, आणि ती थकलेली दिसत होती. हे कधीपासून होतं कोण जाणे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. ती उठायला लागली.

"बस," मी म्हटलं. "हलू नकोस. आकडा बिघडेल."

आणि मी ओटा पुसायला गेलो.